पोरीची खोली कोणत्या गावात घ्यायची?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईने दहा हजारांचे कर्ज मागितले. शेळीसाठी नाही, बियाण्यासाठी नाही, दवाखान्यासाठीही नाही. तिच्या पोरीला गडचिरोलीत नोकरी लागली होती आणि खोलीच्या डिपॉझिटसाठी पैसे हवे होते. मग जी चर्चा सुरू झाली, ती दिवेलागणीपर्यंत संपली नाही. एक म्हणाली, "गडचिरोलीत किराया जास्त. सावलीला घे, स्वस्त पडेल." दुसरी म्हणाली, "मूल बरं, तिथून घरी यायला सोपं." तिसरी म्हणाली, "खोली कशाला? घरूनच अपडाऊन करू दे." आणि कोपऱ्यात बसलेल्या एका मावशी हळूच म्हणाल्या, "नाही जमलं तर परत येईल. मग लग्न करून टाकू."

तो शेवटचा शब्द माझ्या मनात बसला. खोलीची निवड चुकली तर नुसते पैसे जात नाहीत, मैत्रिणींनो. पोरीची नोकरी जाते. आणि आपल्याकडे पोरीची पहिली नोकरी गेली की दुसरीसाठी घरचे लवकर पाठवत नाहीत. हे मी अनुभवाने सांगते. बी.ए. झाल्यावर मलाही गडचिरोलीत एका खाजगी ऑफिसात काम मिळाले होते. सातशे रुपये वाचतात म्हणून मी दूरच्या गावात खोली घेतली. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की खाडा, सकाळची बस चुकली की उशीर. चौथ्या महिन्यात काम सुटले. गावाचा त्यात दोष नव्हता, माझाही नव्हता. मी हिशेब अर्धाच केला होता. आज तो पूर्ण हिशेब तुमच्यासमोर मांडते.

पहिला हिशेब पैशाचा

किराया म्हणजे खोलीचा खर्च नव्हे. किरायात रोजचे तिकीट, ऑटोचे पैसे आणि लाईट बिल मिळवा, तेव्हा खोलीची खरी किंमत कळते. एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजायला सोपे धरले आहेत, तुम्ही तुमचे धरा.

समजा, नोकरीच्या गावातच खोली ३,५०० रुपयांना आहे आणि शेजारच्या लहान गावात २,००० ला. वरवर १,५०० रुपये वाचतात. बसचे पूर्ण तिकीट ४० रुपये आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.मध्ये बायांना अर्धे तिकीट आहे, म्हणजे २० रुपये. जाऊन येऊन ४०, महिन्याचे २६ दिवस, झाले १,०४० रुपये. बसस्थानकापासून ऑफिसपर्यंत ऑटोचे दहा जाताना, दहा येताना, त्याचे झाले ५२०. आता बेरीज करा. २,००० अधिक १,०४० अधिक ५२०, म्हणजे ३,५६०. स्वस्त खोली साठ रुपयांनी महाग पडली! आणि नोकरीच्या गावातली खोली दोघींनी मिळून घेतली, तर प्रत्येकीला १,७५० च पडतात.

एस.टी.च्या मासिक पासाचेही समजून घ्या. वीस दिवसांचे भाडे भरले की तीस दिवस प्रवास, असा तो नियम आहे. पूर्ण तिकीट काढणाऱ्या माणसाला पास फायद्याचा. आपले तिकीट मात्र आधीच अर्धे आहे. पास पूर्ण भाड्यावर निघत असेल, तर वरच्या उदाहरणात तो १,६०० रुपयांचा होतो आणि रोजचे अर्धे तिकीट १,०४० मध्येच भागते. म्हणून पास काढण्याआधी आगारात विचारा आणि कागदावर गुणाकार करून पाहा.

दुसरा हिशेब वेळेचा

बसमध्ये पाऊण तास लागतो, असे आपण म्हणतो. पण खोलीतून स्टँडवर जाणे, बसची वाट पाहणे, उतरून ऑफिसला पोचणे धरले तर दीड तास होतो. जाऊन येऊन तीन तास. २६ दिवसांचे ७८ तास! तेवढ्यात पोरगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करू शकते, नाहीतर निदान पोटभर झोपू तरी शकते.

बस किती आहेत, हे नंतर पाहा. शेवटची बस किती वाजता सुटते, ते आधी विचारा. ऑफिस साडेपाचला सुटते असे कागदावर असते, पण महिन्याच्या शेवटी सात वाजतात. दवाखान्यात, लॅबमध्ये, दुकानात पाळी असते. शेवटची बस आणि काम सुटण्याची वेळ यांत निदान एक तासाचे अंतर नसेल, तर ते गाव सोडून द्या.

रेल्वेचेही तसेच. गोंदिया ते बल्लारशाह या मार्गावर वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल-मारोडा ही स्टेशने येतात. ऑफिसच्या वेळेला गाडी असेल तरच ती आपल्या कामाची. वडसा ते गडचिरोली या नव्या रेल्वेमार्गाची चर्चा सगळीकडे आहे. पण खोली घेताना आज धावणारी गाडीच मोजा. उद्या येणाऱ्या गाडीवर आजचा किराया ठरवू नका.

तिसरा हिशेब पावसाचा आणि जंगलाचा

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा हिशेब लागत नाही, आपल्याला लागतो. आपल्या दोन जिल्ह्यांमधून वैनगंगा, वर्धा, इरई या नद्या वाहतात. ऑगस्ट २०२० च्या शेवटी गोसीखुर्दचे पाणी सोडले, तेव्हा वैनगंगेच्या काठच्या गावांचे काय झाले, हे ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा भागातल्या बायांना सांगायला नको. मोठ्या पुरात राजुरा आणि बल्लारपूरच्या मधला वर्धा नदीचा पूल बंद होतो. चंद्रपूर शहरातही इरईच्या काठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. म्हणून दोन प्रश्न विचारा. खोली आणि नोकरी यांच्या मध्ये कोणती नदी किंवा नाला येतो? आणि मागच्या पावसाळ्यात तो रस्ता किती दिवस बंद होता? घरमालक सांगणार नाही. चहाची टपरीवाली, दूधवाला, एस.टी.चा कंडक्टर खरे सांगतात.

जंगलाचेही तसेच. "स्कुटी घेऊन देतो, ये-जा करेल," असे बरेच बाप म्हणतात. चंद्रपूर ते मूल रस्ता जंगलातून जातो. सावली, मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी भागात वाघाची भीती काय असते, ते मोह वेचायला जाणाऱ्या आपल्याला माहीत आहे. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो. पोरीला रोज अंधारात एकटीने दुचाकीवर जंगलाचा रस्ता तुडवावा लागणार असेल, तर वाचलेल्या किरायाचा काय उपयोग? चंद्रपुरात दुर्गापूर, ऊर्जानगरकडेही बिबट्या आणि वाघाच्या हल्ल्याच्या घटना घडल्या आहेत. तिथे खोली घेतली तर रात्री पायी कुठून यावे लागते, ते बघून ठेवा.

चौथा हिशेब घराचा

खोली भर दुपारी बघायला जा. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर यांची नावे उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत येतात. वर टिनाचे छत असेल तर मे महिन्यात त्या खोलीत माणूस टिकत नाही. स्लॅब असला तरी वरच्या मजल्याची खोली तापते. कूलर ठेवायला खिडकी आहे का? लाईटचे मीटर वेगळे आहे की घरमालक युनिटमागे जास्त पैसे घेतो? नळाला पाणी कधी येते, आणि उन्हाळ्यात बोअर आटतो का? संडास-बाथरूमला आतून कडी आहे का, आणि तिथे जाताना अंगणात दिवा आहे का?

चंद्रपूर भागात हवेचाही विचार करा. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, त्यात चंद्रपूर होते. ज्या पोरीला दम्याचा त्रास आहे, तिची खोली कोळसा वाहणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यावर घेऊ नका. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवा, बोट काळे झाले की समजून घ्या.

पाचवा हिशेब माणसांचा आणि कागदाचा

घरमालकीण घरातच राहते का? शेजारी कुटुंबे आहेत का? रात्री उशीर झाला तर गेट उघडते का? "एकटी पोरगी आहे, मग कोण येतं, कोण जातं" यावर पहारा ठेवणारे घर वेगळे आणि काळजी घेणारे घर वेगळे. बोलताना हा फरक कळतो. पोरीलाच बोलू द्या, राहायचे तिला आहे.

कागद मात्र पक्का करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो की किरायाचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा. ती नोंदणी करून घेणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर किरायाच्या अटींबद्दल किरायदाराचे म्हणणे धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. तरीही वादाची वेळ येऊ नये म्हणून डिपॉझिट किती, कधी परत मिळणार, लाईट बिल कोणाचे, खोली सोडण्याआधी किती दिवस सांगायचे, हे चार मुद्दे लिहून घ्या. दर महिन्याची पावती घ्या, किंवा फोनवरून पैसे पाठवा म्हणजे नोंद राहते. पोरीच्या मोबाईलमध्ये पोलिसांचा ११२ आणि महिला हेल्पलाईनचा १८१ हे नंबर असू द्या.

आणि एक. नोकरी जिल्हा परिषदेची असेल, नर्सची, शिक्षिकेची, तर मुख्यालयी राहण्याची अट असते. नेमणुकीचा आदेश आधी नीट वाचा, मग गाव निवडा.

मग दूरचे गाव कधी बरे?

दूरचे गाव नेहमी वाईट असे मी म्हणत नाही. माझ्या ओळखीचे एक नवे जोडपे आहे. तो ब्रह्मपुरीला दवाखान्यात कामाला, ती गडचिरोलीत. भांडण एकच, कोणाच्या गावात राहायचे? शेवटी त्यांनी आरमोरीत खोली घेतली. नागपूर-गडचिरोली रस्त्यावर ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली ओळीने लागतात. लांब पल्ल्याच्या बसही याच रस्त्याने जातात, त्यामुळे दोघांनाही गाडी मिळते. पण ते ठरवताना तिने एक अट घातली होती. दोघेही सारखाच प्रवास करून येतात, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक जो आधी पोचेल तो लावणार. खोली निवडताना हेही ठरवावे लागते, मैत्रिणींनो. नाहीतर बसमध्ये दीड तास उभी राहून आलेली बाई थेट चुलीपुढे उभी राहते.

चंद्रपूरच्या बाजूला बल्लारपूर आणि भद्रावती ही दोन्ही गावे रेल्वेवर आणि मोठ्या रस्त्यावर आहेत. भद्रावतीचे स्टेशन भांदक नावाने आहे, तेवढे लक्षात ठेवा. नोकरी चंद्रपुरात दिवसपाळीची असेल आणि काम स्टेशन किंवा बसस्थानकाजवळ असेल, तर तिथून ये-जा जमते. रात्रपाळी असेल तर नाही.

त्या बैठकीत काय ठरले?

आम्ही त्या दिवशी कर्ज मंजूर केले नाही, नाकारलेही नाही. पोरीला सांगितले, "सोमवारी जा. रविवारी नको, सोमवारी." सोमवारी बस खरी कळते. ती आणि तिची आई सकाळच्या गर्दीच्या बसने सावलीहून गडचिरोलीला गेल्या. वैनगंगेच्या पुलापर्यंत दोघींना उभ्यानेच जावे लागले. उतरल्यावर कॉम्प्लेक्स भागातल्या ऑफिसपर्यंत ऑटो केला. संध्याकाळी परतीच्या बसची वाट पाहिली, तेव्हा आईनेच म्हटले, "रोज हे नको."

गडचिरोलीतच त्याच ऑफिसात काम करणारी दुसऱ्या तालुक्यातली एक मुलगी खोलीत जोडीदार शोधत होती. दोघींनी मिळून स्लॅबची खोली घेतली. डिपॉझिट निम्मे झाले. दहा हजारांऐवजी सहा हजारांचे कर्ज लागले, आणि त्याचा हप्ता पोरगी स्वतःच्या पगारातून आईच्या हाती देते. बैठकीत तो हप्ता जमा होतो, तेव्हा कोपऱ्यातल्या त्या मावशी आता विचारतात, "तिच्या ऑफिसात अजून जागा निघते का गं? माझी नात बारावीला आहे."

पुढच्या बैठकीत एक काम करा. तुमच्या ग्रामसंघातल्या कोणाकोणाच्या मुली, भाच्या, सुना गडचिरोली, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वडसा, बल्लारपूर इथे राहतात, त्यांची यादी एका वहीत लिहा. कोणती वस्ती बरी, कोणते घर चांगले, शेवटची बस कधीची, हे त्यांना विचारून पुढे लिहीत जा. एका पोरीने ठेच खाऊन मिळवलेली माहिती दुसरीला ठेच न लागता मिळाली पाहिजे. बचत फक्त पैशाचीच होते असे थोडेच आहे?