न उच्चारलेलें नांव

आपल्या पणजीच्या पिढींतील बायका नवऱ्याचें नांव घेत नसत, ही गोष्ट घरोघर ठाऊक आहे. ‘इकडून सांगणें झालें’, ‘स्वारी बाहेर गेली आहे’, असें आडून बोलावयाचें. नांव घ्यावयाचें तें मंगलकार्यांत, आणि तेंहि उखाण्यांत गुंफून. नांव ठाऊक नव्हतें म्हणून का हा आडपडदा होता? तसें नव्हे. तें फार जवळचें होतें, म्हणूनच वाटेल तेथें उच्चारावयाचें नाहीं, अशी त्यामागची भावना होती. ती रीत आतां मागें पडली आहे, आणि त्याबद्दल कोणी खेद करावा असेंहि नाहीं. परंतु ख्रिस्ती धर्मांत ईश्वराला जीं नांवें आहेत त्यांची कथा समजून घेण्यास आपल्याच घरांतील ही जुनी रीत फार उपयोगी पडते.

आपल्याकडे देवाच्या नांवांना तोटा कधींच नव्हता. ज्या घरांत सहस्रनामाचा पाठ होतो, तेथील लहान मुलासहि एका देवाचीं हजार नांवें ही कल्पना नवी वाटत नाहीं. उलट ख्रिस्ती लोकांचा देव म्हणजे नुसता ‘गॉड’, त्याला नांव असें नाहींच, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असते. वस्तुतः ‘गॉड’ हें मुळीं विशेषनाम नव्हे. इंग्लंडांत ख्रिस्ती धर्म जाण्यापूर्वीं तेथील लोक आपल्या जुन्या देवतांसहि हाच शब्द लावीत. ख्रिस्ती धर्मग्रंथांतील ईश्वराला स्वतःचें नांव आहे. मात्र तें उच्चारावयाचें नाहीं असा दंडक यहुदी लोकांनीं फार पूर्वीं घालून ठेविला, आणि पुढील सारी कथा त्या दंडकांतून निघाली.

बायबलाचा पहिला भाग, म्हणजे जुना करार, हा मूळचा यहुद्यांचा धर्मग्रंथ असून तो बव्हंशीं हिब्रू भाषेंत आहे. त्यांत ईश्वराला ‘एल् शद्दाय्’, म्हणजे रूढ अर्थानें ‘सर्वसमर्थ’, असें म्हटलेलें आहे. आणि ‘एलोहीम्’ असेंहि म्हटलेलें आहे. ‘एलोहीम्’ हें रूपानें अनेकवचन, परंतु ईश्वराविषयीं बोलतांना त्याचें क्रियापद एकवचनीं असतें. ‘वडील आले’ असें म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्या अनेकवचनाचें नवल वाटूं नये. वाटलेंच तर तें एकवचनी क्रियापदाचें वाटेल. पण या झाल्या सामान्य संज्ञा व उपाध्या. खरें नांव चार व्यंजनांचें आहे : य, ह, व, ह. जुन्या करारांत तें सुमारें ६,८०० वेळां आलेलें आहे.

निर्गम नांवाच्या पुस्तकांत या नांवाची कथा आहे. मोशे मेंढरें राखीत असतां एक झुडूप पेटलेलें आहे, पण जळून जात नाहीं, असें त्यानें पाहिलें. आणि त्यांतून आलेल्या वाणीस त्यानें नांव विचारलें. उत्तर मिळालें तें ‘असणें’ या अर्थाच्या धातूवर बेतलेलें होतें. ‘सत्’ या शब्दाचा विचार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या झाला आहे, तेथील वाचकाचें मन या उत्तरापाशीं क्षणभर थबकेल. तथापि एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. उपनिषदांतील सत् हें तत्त्व आहे; मोशेशीं बोलणारा मात्र कोणी एक ‘मी’ आहे. तो आपलें नांव सांगतो, आणि मिसर देशांत गुलामगिरींत पडलेल्या लोकांस सोडविण्याचें वचन देतो. नांव सांगणें म्हणजे येथें वचनानें बांधून घेणें होय.

हें नांव व्यर्थ घेऊं नये, अशी दहा आज्ञांपैकीं एक आज्ञा आहे. कालांतरानें सामान्य जनांनीं तें घेणेंच सोडिलें. यहुदी परंपरा सांगते कीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं यरुशलेमच्या मंदिरांत महायाजक तें उच्चारी, आणि ऐकणारे लोक दंडवत घालीत. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें तें मंदिर उद्ध्वस्त केलें, आणि त्या उच्चाराला जागाच उरली नाहीं. पोथींत चार अक्षरें लिहिलेलीं असावयाचीं, डोळ्यांनीं तीं पाहावयाचीं, आणि तोंडानें ‘अदोनाय्’, म्हणजे ‘माझा स्वामी’, असें वाचावयाचें, हा प्रघात कायम झाला. ‘स्वारी’ म्हणणाऱ्या आपल्या पणजीला तो कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

या आदरांतून एक गमतीची चूक जन्मास आली. हिब्रू लिपींत पूर्वीं बहुतेक व्यंजनेंच लिहीत. पुढें सहाव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान पाठ राखणाऱ्या पंडितांनीं अक्षरांस स्वरचिन्हें लाविलीं. त्या चार अक्षरांस त्यांनीं चिन्हें दिलीं तीं ‘अदोनाय्’ या शब्दाचीं. ‘येथें स्वामी म्हणावें’ अशी वाचकास ती खूण होती. मध्ययुगांतील ख्रिस्ती पंडितांच्या ती ध्यानांत आली नाहीं. त्यांनीं एका शब्दाचीं व्यंजनें आणि दुसऱ्याचे स्वर एकत्र उच्चारले, आणि ‘यहोवा’ हें नांव तयार झालें. मूळ उच्चार ‘याहवे’ असा असावा, असें आजचे बहुतेक अभ्यासक मानितात. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलांत ‘जेहोवा’ हें रूप मोजक्याच ठिकाणीं आहे. इतरत्र मोठ्या टायपांत ‘लॉर्ड’ असें छापलेलें आहे. अमेरिकेंतील १९०१ च्या आवृत्तींत मात्र तें सर्वत्र आलें, आणि १९३१ सालीं एका पंथानें ‘यहोवाचे साक्षीदार’ असें नांवच धारण केलें. उलट २००८ सालीं रोमहून कॅथलिक धर्माध्यक्षांस असा आदेश गेला कीं, उपासनेंत व गायनांत त्या चार अक्षरांचा उच्चार करूं नये. एक पक्ष म्हणतो, देवानें सांगितलेलें नांव घ्यावें. दुसरा म्हणतो, मौनांतच त्याचा मान आहे.

ख्रिस्ती धर्माचा नवा करार ग्रीक भाषेंत आहे, आणि तेथें ही कथा निराळें वळण घेते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनीं आपल्या ग्रंथाचें ग्रीक भाषांतर आरंभिलें. त्याच्या कांहीं जुन्या प्रतींत ग्रीक मजकुराच्या मधोमध तीं चार अक्षरें हिब्रू लिपींतच राखलेलीं आढळतात. परंतु ख्रिस्ती मंडळींच्या हातीं आलेल्या प्रतींत त्यांच्या जागीं ‘किरिओस्’, म्हणजे ‘स्वामी’ किंवा ‘धनी’, हा शब्द आहे. आतां गुलाम आपल्या धन्यास हाच शब्द लावी, आणि रोमन बादशहासहि तो लावीत. पहिल्या ख्रिस्ती लोकांनीं तो येशूस लाविला. क्रुसावर खिळून मारलेल्या एका सुताराला, ज्या शब्दाआड ईश्वराचें नांव झांकलेलें होतें तोच शब्द देणें, ही लहानसहान गोष्ट नव्हती. यहुदी आणि ख्रिस्ती अशा दोन वाटा जेथें फुटल्या, तेथें हा एक शब्द उभा आहे.

‘येशू ख्रिस्त’ यांतील ‘ख्रिस्त’ हें आडनांव आहे असें कित्येकांस वाटतें. तें नांव नसून पदवी आहे. हिब्रू ‘माशियाह’ याचें तें ग्रीक भाषांतर. अर्थ ‘अभिषिक्त’, तेलाचा अभिषेक झालेला. ‘येशू’ हें मात्र नांव होय, आणि त्याचा अर्थ त्या न उच्चारलेल्या नांवाशींच जोडलेला आहे : ‘याहवे तारतो’. स्वतः येशू ईश्वरास ‘आब्बा’ म्हणे. हा अरामी भाषेंतील घरगुती शब्द नव्या करारांत तीनदांच, पण ग्रीक मजकुरांत जसाच्या तसा राहिलेला आहे. तो केवळ लहान मुलाचा बोबडा शब्द नव्हे, मोठीं माणसेंहि आपल्या वडिलांस तो लावीत, असें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. ज्याचें नांव घेण्यास जीभ धजत नाहीं, त्यालाच ‘बाबा’ म्हणावयाचें, या दोन टोंकांमध्यें ख्रिस्ती प्रार्थना उभी आहे.

पुढें ३२५ सालीं नायसिया येथें आणि ३८१ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें भरलेल्या धर्मपरिषदांनीं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांविषयींची श्रद्धा शब्दांत बांधली. पण शब्द कोठें बांधून राहतात? आत्म्यास हिब्रूंत ‘रुआह’ म्हणतात, तो बहुधा स्त्रीलिंगी. ग्रीकांतील ‘प्न्यूमा’ नपुंसकलिंगी. लॅटिनमधील ‘स्पिरितुस्’ पुल्लिंगी. भाषा बदलली कीं संज्ञेचा पोशाख बदलतो, आणि ऐकणाराच्या मनांतील चित्रहि बदलतें.

यांतील धोका किती मोठा असतो तें जपानांत दिसून आलें. आंजिरो नांवाच्या एका जपानी गृहस्थानें १५४८ सालीं गोव्यांत बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या वर्षीं त्यास दुभाषी घेऊन फ्रान्सिस झेवियर कागोशिमा बंदरीं उतरला. ईश्वरासाठीं जपानी शब्द कोणता, असें विचारतां आंजिरोनें ‘दाइनिचि’ हा शब्द सुचविला. दाइनिचि म्हणजे ‘महासूर्य’. संस्कृत बौद्ध ग्रंथांतील महावैरोचन बुद्धाचेंच तें जपानी नांव. त्यामुळें प्रारंभीं शिंगोन पंथाच्या भिक्षूंस हा परदेशी मनुष्य आपलाच धर्म सांगत आहे असें वाटलें. १५५१ सालीं झेवियरच्या ध्यानांत चूक आली, आणि त्यानें तो शब्द टाकून लॅटिन ‘देउस्’ हाच चालू केला. तेव्हां विरोधकांनीं त्याचें ‘दाइ-उसो’ केलें. जपानींत त्याचा अर्थ ‘मोठें असत्य’! आपला शब्द घ्यावा तर त्याचा जुना अर्थ सुटत नाहीं, परका आणावा तर त्याला मनांत मूळ धरतां येत नाहीं.

चीनमध्यें तर या वादानें शतक व्यापलें. मातेओ रिची यानें १६०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नांवांतच ईश्वराला ‘तियेन-चू’, म्हणजे ‘स्वर्गाचा स्वामी’, म्हटलें होतें. शिवाय चिनी प्राचीन ग्रंथांतील ‘शांग-ती’, म्हणजे ‘सर्वोच्च अधिपति’, हाहि शब्द त्यास मान्य होता. इतर पंथांच्या धर्मोपदेशकांस तो खपला नाहीं. १७१५ सालीं पोपनें ‘तियेन-चू’ एवढाच शब्द ठेवून इतर वर्ज्य केले, आणि पूर्वजांस मान देण्याचे चिनी विधीहि निषिद्ध ठरविले. कांगशी बादशहा संतापला व त्यानें मिशनऱ्यांस बंदी केली. विधींवरील निर्बंध सैल होण्यास १९३९ साल उजाडावें लागलें. प्रॉटेस्टंट मंडळींत ‘शांग-ती’ कीं ‘शेन’ हा वाद मिटलाच नाहीं. म्हणून चिनी बायबल आजहि दोन प्रकारें छापतात.

याच काळांत हाच प्रश्न आपल्या दारांत, मराठी भाषेंत, सुटत होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यांत आला. त्याचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांत त्यानें ‘देव’, ‘परमेश्वर’ हे शब्द तर घेतलेच, पण स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यासहि तो कचरला नाहीं. उलट बाप्तिस्म्यासारख्या विधींचीं नांवें त्यानें पोर्तुगीजच ठेविलीं. गोव्याच्या जुन्या कोंकणी प्रार्थनेंतहि हीच निवड दिसते : बाप आणि पूत हे घरचे शब्द, पण पवित्र आत्मा मात्र पोर्तुगीज वळणाचा ‘इस्पिरित सांत’. अलीकडे तेथें ‘पवित्र आत्मो’हि म्हणूं लागले आहेत.

आज प्रचलित असलेल्या मराठी बायबलांत ‘एलोहीम्’च्या ठिकाणीं ‘देव’ आणि त्या चार अक्षरांच्या ठिकाणीं ‘परमेश्वर’ हा शब्द योजिलेला आहे. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून केलेलें साध्या मराठींतील संपूर्ण भाषांतर, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं, केडगांवच्या त्यांच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं अभंगाच्या वळणावर जाऊन ख्रिस्तालाच माउली म्हटलें. पित्याच्या संज्ञेभोंवतीं वाढलेल्या धर्माला मराठी संतांच्या भाषेनें दिलेली ही एक नवी हांक होती.

मग देवळांतला परमेश्वर आणि चर्चमधला परमेश्वर हे एकच कीं काय? ‘सर्व नांवें एकाचींच’ असें म्हणून मोकळें होणें आपल्याला सोपें वाटतें, आणि त्यांत औदार्यहि आहे. परंतु शेजाऱ्यानें एवढ्या विचारानें, वादानें आणि कधीं कधीं एवढ्या किंमतीनें निवडलेला शब्द त्याच्या अर्थासह ऐकून न घेणें, हें खरें औदार्य नव्हे. ‘परमेश्वर’ हा शब्द आपल्याकडे शिवाचें नांव म्हणून वावरला. तिकडे तो मोशेनें ऐकलेल्या आणि पुढें कोणी न उच्चारलेल्या नांवाच्या जागीं उभा आहे. त्याच्याभोंवतीं तेथें निराळीं नातीं आहेत.

लग्नांत ताम्हनांत तांदूळ पसरून त्यांवर सुनेचें नवें नांव लिहिण्याची आपली चाल आहे. त्या दिवसापासून ती दुसऱ्या घरची होते. तिची बोली माहेरचीच असते, पण तिला हांक मारणारीं माणसें, तिचीं कर्तव्यें, तिचीं सुखदुःखें निराळीं होतात. ती आमचीच, असें माहेरानें म्हणत राहूं नये. ती कधीं तुमची नव्हतीच, असें सासरानेंहि म्हणूं नये. आपल्या भाषेंतून दुसऱ्याच्या प्रार्थनेंत गेलेल्या शब्दाविषयीं इतकी समज आपण ठेविली, म्हणजे पुरे आहे.