सदाफुलीचे औषध आणि सलाइनची छोटी पिशवी

कुंपणाशी, देवळाच्या आवारात, गच्चीवरच्या फुटक्या कुंडीतसुद्धा बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीच्या पानांतून व्हिन्क्रिस्टीन हे औषध मिळते. अमेरिकेत 1963 मध्ये त्याला मान्यता मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे ल्युकेमियात, डॉक्टरांचा भरवसा आजही त्याच्यावर आहे. शिरेतून दिले तर ते जीव वाचवते. तेच पाठीत सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडले, तर पायांपासून लुळेपण वर चढत जाते आणि रुग्ण जवळपास नेहमीच दगावतो. असा अपघात 1968 मध्येच नोंदला गेला होता. पुढे तो अनेक देशांत, चांगल्या नावाजलेल्या रुग्णालयांतही होत राहिला.

एकच औषध दोन वाटांनी इतके वेगळे का वागते? पेशी दुभंगताना तिच्यात ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे सूक्ष्म दोरे तयार होतात आणि गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेतात. व्हिन्क्रिस्टीन हे दोरे जुळूच देत नाही. भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी त्यात मरते. चेतापेशी दुभंगत नाहीत, पण त्यांनाही हे दोरे लागतात, लांबलचक तंतूंमधून प्रथिने इकडून तिकडे पोचवायला. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची घट्ट भिंत असल्यामुळे शिरेतले व्हिन्क्रिस्टीन तिथवर फारसे जात नाही. पाठीतली सुई मात्र थेट भिंतीच्या आत उतरते.

दैवाचा खेळ असा, की पाठीत सुई घालावी लागते तीही या भिंतीमुळेच. मेंदूभोवती दडलेल्या कर्करोगपेशींपर्यंत शिरेतली बरीचशी औषधे पुरेशी पोचत नाहीत, म्हणून मेथोट्रेक्सेट किंवा सायटाराबिन पाठीतून दिले जाते. एकच मूल, एकच उपचार, कधी कधी एकच दिवस. एक सिरिंज हाताच्या शिरेसाठी आणि दुसरी पाठीसाठी.

मणक्यातल्या चुकीच्या इंजेक्शनने 2001 संपेपर्यंत एकही रुग्ण दगावू नये, असे उद्दिष्ट इंग्लंडमध्ये 2000 साली जाहीर झाले होते. 4 जानेवारी 2001 रोजी नॉटिंगहॅमच्या एका मोठ्या रुग्णालयात अठरा वर्षांच्या मुलाला पाठीतून व्हिन्क्रिस्टीन दिले गेले. महिनाभरात तो गेला. ब्रायन टॉफ्ट यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात खलनायक कुणीच नाही. दोन औषधे वॉर्डात एकत्र यायलाच नको होती, ती आली. रजिस्ट्रार त्या विभागात नुकताच रुजू झालेला. धाकट्या डॉक्टरने पाठीतून पहिले औषध दिले. दुसरी सिरिंज हातात येताच त्याने विचारले, व्हिन्क्रिस्टीन? पाठीतूनच? रजिस्ट्रारचा होकार आला. म्हणजे शंका आली होती, ती बोलूनही दाखवली गेली होती, आणि तरीही दट्ट्या दाबला गेला. रजिस्ट्रारला पुढे तुरुंगवास झाला. सिरिंज मात्र होती तशीच राहिली.

दोष सिरिंजचाही होता, हे माझे ठाम मत आहे. सिरिंजच्या तोंडाचा निमुळता ‘ल्युअर’ जोड 19व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसहून आला आणि जगभर रुळला. त्याची सोय एवढीच, की कुठलीही सिरिंज कुठल्याही सुईवर बसते. धोकाही तोच. भूलतज्ज्ञांनी ही गोष्ट कधीच ओळखली होती. भुलीच्या यंत्राला लावायच्या लहान ऑक्सिजन सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर 2 आणि 5 या जागी भोके असतात, नायट्रस ऑक्साइडच्या व्हॉल्व्हवर 3 आणि 5 या जागी. यंत्रावरच्या खुंट्या त्याच बेताने बसवलेल्या असतात. रात्री तीन वाजता पेंगुळलेल्या माणसाने चुकीचा सिलिंडर उचलला, तरी तो बसतच नाही.

व्हिन्क्रिस्टीनवरचा उपाय त्याहून साधा निघाला. औषध सिरिंजमध्ये भरायचेच नाही. 50 मिलिलिटर सलाइनच्या छोट्या पिशवीत मिसळून ड्रिपने द्यायचे. पाठीतून जातात ते जेमतेम काही मिलिलिटर, त्यामुळे अख्खी पिशवी आणि नळी घेऊन कुणी कण्याकडे वळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये हेच सुचवले. पिशवीतून दिलेले व्हिन्क्रिस्टीन चुकून पाठीत गेल्याची नोंद सापडत नाही. तरी कुरकूर झालीच. हे औषध शिरेबाहेर झिरपले तर मांस जाळते, म्हणून ड्रिपपेक्षा हाताने, नजरेसमोर दिलेले बरे, असे अनेक डॉक्टर म्हणत. भीती खोटी नव्हती. पण सिस्टर शेजारी उभी राहून पाच-दहा मिनिटांत पिशवी रिकामी करून घेते, तेव्हा झिरपण्याचे प्रमाण फारच कमी राहते.

आपल्याकडे या उपायाची गरज जास्त आहे. अनेक ठिकाणी केमोची कुपी नातेवाईकच केमिस्टकडून आणतात आणि औषध वॉर्डातल्या टेबलावर भरले जाते. तिथे फार्मासिस्टची दुसरी नजर नसते. पण सलाइनची छोटी पिशवी तिथेही मिळते, आणि तिच्यासाठी ना नवे यंत्र लागते ना टेंडर.

पाठीच्या इंजेक्शनसाठी 2016 मध्ये नवा आंतरराष्ट्रीय जोड ठरला. तो ल्युअरपेक्षा सुमारे 20 टक्क्यांनी बारीक आहे, त्यामुळे नेहमीची सिरिंज पाठीच्या सुईवर बसत नाही. कल्पना उत्तम, अडचण खरेदीची. सुई, सिरिंज, फिल्टर, दाबमापक नळी सगळे एकाच वेळी बदलावे लागते. एक नग जरी स्टोअरमध्ये संपला, तरी काम अडते. मग कुणीतरी दोन्ही जोड जुळवणारा अडॅप्टर शोधून वॉर्डात आणून ठेवतो, आणि सगळा खटाटोप पाण्यात जातो.