रेणू आणि प्रकाश: ०.९ नॅनोमीटरची भेट

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, तर रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा. त्यामुळे एकट्या रेणूवरून बहुतेक प्रकाश दखल न घेताच निघून जातो. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेरेमी बॉमबर्ग यांच्या गटाने २०१६ मध्ये यावर तोड काढली. सोन्याच्या आरशावर ४० नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा कण ठेवला. मधल्या फटीची रुंदी फक्त ०.९ नॅनोमीटर. प्रकाश पडला की सोन्यातील इलेक्ट्रॉन एका तालात हेलकावे घेतात (हेच प्लाझमॉन) आणि प्रकाशाची ऊर्जा त्या फटीत कोंडली जाते. तिथे बसवलेला रेणू होता मेथिलीन ब्लूचा, म्हणजे जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पेशी रंगवणारा निळा रंग! तो आडवा पडू नये म्हणून पिंपाच्या आकाराच्या दुसऱ्या एका रेणूत उभा ठेवला. मग रेणू आणि प्रकाश यांच्यात ऊर्जेची देवघेव इतकी जलद झाली की दोघांना वेगळे मोजता येईना. तेही खोलीच्या तापमानाला, हे विशेष.

धातूचा दोष एकच: तो प्रकाश गिळतो. कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेने म्हणून धातू टाळला. गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ पापुद्र्यात छिद्रांची नक्षी कोरून तरंगवाहक (प्रकाशाला ठरावीक वाटेने नेणारा मार्ग) केला. त्यात प्रकाश मंदावतो. २०१४ मध्ये तिथे एका क्वांटम बिंदूने (रेणूऐवजी वापरलेल्या अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म कणाने) सोडलेले ९८ टक्क्यांहून अधिक फोटॉन त्याच वाटेने गेले. मात्र इथे अतिशीत तापमान लागते.