आभासी जमिनीचा सातबारा

इंटरनेटवरील काही आभासी जगांत रस्ते, घरे, बागा आणि कपडे हे सारे तेथे वावरणारे लोक स्वतः घडवतात आणि चालक कंपनी केवळ जागा व साधने पुरवते. अशा जगांच्या भवितव्याविषयीची चर्चा बहुधा डोळ्यांवर चढवायचे हेडसेट आणि चित्रांचा जिवंतपणा यांच्याभोवतीच फिरत राहते. गेल्या साडेतीन दशकांचा अनुभव पाहता मात्र त्यांचे बरेवाईट मालकीच्या प्रश्नावर ठरत आले आहे: रहिवाशाने बांधलेली वस्तू कोणाच्या नावावर, आणि ती उचलून त्याला दुसरीकडे नेता येते का?

ही कल्पना चित्रांच्या आधीची आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८९ साली सुरू झालेले टायनीमड आणि झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पाव्हेल कर्टिस यांनी १९९० साली उभारलेले लॅम्डामू ही निव्वळ मजकुराची जगे होती. रहिवासी खोलीचे वर्णन लिहीत आणि ते वर्णन हीच खोली असे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने, फिलिप रोझडेल यांच्या नेतृत्वाखाली, जून २००३ मध्ये खुले केलेले ‘सेकंड लाइफ’ हे त्याच परंपरेतील त्रिमितीय जग असून, ते आजही चालू असल्यामुळे त्याच्याइतका दीर्घ पुरावा क्वचितच सापडतो.

सेकंड लाइफमधील बांधकाम आरंभी ‘प्रिम’ या घटकापासून होत असे. प्रिम म्हणजे घन, गोल, दंडगोल यांसारखे मूळ आकार, जे ताणून, चपटे करून आणि एकमेकांना जोडून वस्तू तयार होते. खुर्ची करायची तर एका चपट्या घनाची बैठक, चार बारीक दंडगोलांचे पाय, त्यांवर लाकडाच्या पोताचे चित्र, आणि अवतार, म्हणजे रहिवाशाचे पडद्यावरील रूप, नीट टेकून बसावा यासाठी काही ओळींची आज्ञावली एवढे पुरे होई. खुर्ची तयार झाली की कारागीर तीन परवानग्या ठरवतो: पुढच्या मालकाला तिची नक्कल करता येईल का, तिच्यात बदल करता येईल का, आणि ती दुसऱ्याला देता येईल का. नक्कल नाकारून देण्याची मुभा ठेवली की ती खऱ्या खुर्चीसारखी वागू लागते, म्हणजे एकाने ती दुसऱ्याला दिली की देणाऱ्याकडे उरत नाही. वाटेल तितक्या प्रती निघू शकणाऱ्या डिजिटल वस्तूला या साध्या युक्तीने मोल मिळवून दिले, आणि तिचे महत्त्व अजूनही पुरेसे ओळखले गेलेले नाही.

नोव्हेंबर २००३ मध्ये लिंडेन लॅबने रहिवाशांच्या निर्मितीवरील बौद्धिक संपदा हक्क त्यांच्याकडेच राहतील असे जाहीर केले, आणि खऱ्या डॉलरमध्ये बदलता येणाऱ्या लिंडेन डॉलरमुळे तेथे व्यापार फोफावला. आभासी जमिनीच्या व्यवहारांतून संपत्ती कमावलेली ॲन्शी चुंग ही रहिवासी मे २००६ मध्ये ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकली. मात्र त्याच वर्षी वस्तूंच्या चोरट्या नकला काढणारे ‘कॉपीबॉट’ नावाचे सॉफ्टवेअर पसरले आणि दुकानदारांनी निषेधार्थ दुकाने बंद ठेवली. जमिनीचा प्रश्न तर न्यायालयातच गेला. पेनसिल्व्हेनियातील एका वकिलाने लिलावातील त्रुटीचा फायदा घेऊन जमीन स्वस्तात घेतल्याचे कारण देत कंपनीने त्याचे खाते गोठवले, तेव्हा त्याने दावा लावला. मे २००७ मध्ये न्यायालयाने करारातील सक्तीच्या लवादाची अट अन्यायकारक ठरवली आणि पुढे प्रकरण तडजोडीने मिटले. नंतर करारात आभासी जमीन म्हणजे वापराचा मर्यादित परवाना असे स्पष्ट करण्यात आले. कितीही पैसे मोजले तरी या जमिनीचा सातबारा कंपनीच्याच दप्तरी राहतो, ही वस्तुस्थिती त्यातून उघड झाली.

तांत्रिक अडचणीही रहिवाशांना हवे ते बांधू देण्याच्या मुक्ततेतूनच निघतात. तयार खेळात सारे देखावे आधीच संगणकावर उतरवलेले असतात, परंतु जेथे शेजाऱ्याने आज सकाळी काय बांधले हे कोणालाच ठाऊक नसते तेथे प्रत्येक वस्तू त्या क्षणी सर्व्हरवरून मागवावी लागते. शिवाय सेकंड लाइफची भूमी २५६ मीटर बाजूच्या चौरसांत विभागलेली असून प्रत्येक चौरस सर्व्हरवरील स्वतंत्र प्रक्रियेवर चालतो, त्यामुळे एका चौरसात शंभराच्या आसपास अवतार जमले की हालचाल मंदावते. जत्रेसारखी गर्दी तेथे सहज पेलवत नाही.

पुढील पिढीने हे गणित वेगळे मांडले. २००६ साली खुल्या झालेल्या रोब्लॉक्सने एकच सलग भूमी ठेवण्याऐवजी लक्षावधी सुटे खेळ ठेवले, जे मुख्यतः तरुण आणि किशोरवयीन निर्माते घडवतात. मेटा कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिका व कॅनडात खुल्या केलेल्या होरायझन वर्ल्ड्समध्ये निर्मात्यांच्या विक्रीवर, स्टोअरचे शुल्क धरून, ४७.५ टक्के कपात एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झाली. निम्म्याच्या जवळपास कमाई जात असेल, तर कसबी कारागीर तेथे का थांबावा, हा प्रश्न उपकरणे सुधारल्याने सुटणार नाही.

त्याहून गंभीर धोका जग बंद पडण्याचा. गूगलचे ‘लाइव्हली’ जुलै २००८ मध्ये आले आणि त्याच वर्षअखेरीस बंद झाले. ‘देअर’ने मार्च २०१० मध्ये दारे लावली, जरी पुढे ते पुन्हा उघडले. अशा वेळी रहिवाशांच्या श्रमांचे काय होते, याचे आशादायक उत्तर २००७ पासून विकसित होत असलेल्या ओपनसिम्युलेटर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आहे: कोणीही स्वतःच्या सर्व्हरवर जग चालवू शकतो, संपूर्ण प्रदेश एका फाइलमध्ये साठवू शकतो, आणि ‘हायपरग्रिड’ या जोडणीने अवतार एका जगातून दुसऱ्यात जाऊ शकतो. त्याचा प्रसार मर्यादित राहिला असला तरी खरी दिशा हीच आहे.

भारतात या प्रश्नाला कायद्याची आणखी एक बाजू आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेली, व्यक्ती करार करण्यास पात्र नसते आणि प्रिव्ही कौन्सिलच्या १९०३ च्या निर्णयापासून तिने केलेला करार निरर्थक मानला जातो; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आहे; आणि १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार निर्मितीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. पंधरा वर्षांच्या मुलाने बांधलेला किल्ला कंपनीने काढून टाकला, तर ‘मान्य आहे’ या बटणावर त्याने दिलेल्या टिचकीला न्यायालय किती किंमत देईल, याचा निवाडा या तीन तरतुदी एकत्र वाचूनच करावा लागेल.