विमानतळ, प्रादेशिक : अर्थव्यवहार
लहान विमानतळाचा खर्च बव्हंशी स्थिर असतो. दिवसाला एकच विमान उतरले, तरी धावपट्टीची निगा, अग्निशमन व सुरक्षा यांची व्यवस्था ठेवावीच लागते. उत्पन्न मात्र अवतरणशुल्क, प्रवासीशुल्क इत्यादींच्या रूपाने वाहतुकीनुसार मिळते. २०१७ मध्ये उडान योजनेखाली नांदेड–हैदराबाद विमानसेवा सुरू झाली. या योजनेतील अर्थसाहाय्य विमान कंपनीस, तेही सामान्यतः तीन वर्षांपुरते मिळते आणि अवतरणशुल्क माफ असते. त्यामुळे विमानतळाची तूट कायम राहते. बुलढाणा जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा नाही. तेथील प्रवासी जळगाव व छत्रपती संभाजीनगर या विमानतळांकडे विभागले जातात. अशा क्षेत्रात नवा विमानतळ उभारण्यापेक्षा तो चालविणेच अधिक कठीण ठरते.