एक्स-रे झाला, मग सीटी स्कॅन कशाला?



"एक्स-रे झालेला असताना सीटी स्कॅनचा खर्च कशासाठी?" असे काहींनी विचारले. प्रश्न रास्त आहे.

एक्स-रेत बरगड्या, हृदय, फुफ्फुसे यांच्या सावल्या एकावर एक पडतात. एचआरसीटी या स्कॅनमध्ये छातीचे साधारण 1 मिलिमीटर जाडीचे काप दिसतात, कांद्याच्या चकत्यांसारखे. त्यामुळे श्वासनलिकेच्या बारीक फांद्या आणि मोहरीएवढ्या गाठीही वेगळ्या ओळखता येतात.

आमच्या पाड्यावरचे एक भाऊ चार वर्षे दगड दळण्याच्या कारखान्यात होते. खोकला, धाप. क्षयाची औषधे दोनदा झाली, पण थुंकीत जंतू कधीच सापडले नाहीत. स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात बारीक गाठी दिसल्या. लसिकाग्रंथींभोवती अंड्याच्या कवचासारखा चुना साचलेला. कामाची माहिती विचारून डॉक्टरांनी निदान केले: सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीचा आजार.

स्कॅन सर्व काही सांगत नाही. तो आकार दाखवतो, जंतू नाही. म्हणून थुंकीची तपासणी हवीच. त्यात किरणोत्सर्गही एक्स-रेपेक्षा बराच जास्त, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आम्ही तो करत नाही.

सिलिकोसिस बरा होत नाही. या रुग्णांना क्षयाचा धोकाही अधिक, म्हणून त्यांची तपासणी चालू राहील. नुकसानभरपाईच्या अर्जाला आता पुरावा आहे. आणि त्याच कारखान्यात जायला निघालेला त्यांचा धाकटा भाऊ घरीच थांबला आहे. तुमच्या देणगीने एवढे झाले.