मोठं होण्याची तारीख कोणती?

'आता काय लहान आहेस का? बँकेतलं काम तुझं तू करून ये,' असं सकाळी सांगणारी आई संध्याकाळी ट्रेकचा विषय निघाला की म्हणते, 'एवढी मोठी नाही झालीस अजून!' मग आपण नक्की कोण? लहान की मोठे?

कायद्याला विचाराल तर तिथेही एक उत्तर नाही. मत द्यायला १८ वर्षं पुरतात, १९८९ पर्यंत २१ लागायची. मुलाला लग्नासाठी आजही २१ लागतात आणि लोकसभेची निवडणूक लढवायला २५. म्हणजे खासदार निवडण्याएवढी अक्कल अठराव्या वर्षी येते, पण खासदार व्हायला आणखी सात वर्षं थांबायचं! मेंदूचं वेळापत्रक त्याहून वेगळं. परिणामांचा विचार करणारा, मोहाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडतच असतो.

या अधल्यामधल्या वयाला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली नाव दिलं, 'इमर्जिंग अ‍ॅडल्टहूड'. १८ ते २५ची ही वर्षं स्वतःला शोधण्याची, अस्थिरतेची आणि 'ना इकडचे, ना तिकडचे' वाटण्याची. मोठं होणं म्हणजे काय, असं त्यांनी तरुणांना विचारलं, तेव्हा लग्न किंवा डिग्री ही उत्तरं मागे पडली. पुढे आलं ते असं : स्वतःची जबाबदारी घेणं, स्वतःचे निर्णय स्वतः घेणं आणि स्वतःच्या पैशांवर उभं राहणं.

अर्थात, शोधत बसायला सवड प्रत्येकाला मिळत नाही. वडील गेल्यावर अठराव्या वर्षी गॅरेजमध्ये लागलेल्या मुलाला 'मी कोण?' हा प्रश्न पडायच्या आधीच घरभाडं भरावं लागतं.

आणि सवड मिळाली म्हणजे शोध सुरू झाला, असंही नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससी करणारी कितीतरी मुलं-मुली दिसतात. वय सत्तावीस, मेसचे पैसे गावाहून येतात आणि गावात सगळ्यांना माहीत असतं की पोरगं साहेब होणार. खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ वर्षं, त्यामुळे 'अजून एक अटेम्प्ट' म्हणायला जागा कायम असते. परीक्षा देण्यात चूक काहीच नाही. प्रश्न एवढाच, की हे मी ठरवलं, की आधीच ठरलेलं होतं?

जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली ओळख घडण्याच्या चार अवस्था मांडल्या. त्यातली एक म्हणजे 'फोरक्लोजर'. पर्याय न चाचपता दुसऱ्यांनी दिलेली वाट धरायची. बाहेरून अशी मुलं एकदम सेटल्ड दिसतात. पण ती वाट बंद झाली, की 'मग मी कोण?' हा प्रश्न एकदम अंगावर येतो.

म्हणून तो प्रश्न आधीच विचारलेला बरा. किती वर्षं देणार? नाही जमलं तर काय करणार? उत्तर कागदावर लिहा आणि घरी सांगा. बाबा चिडतील, दोन दिवस अबोला धरतील. तरी सांगा. निर्णय आपला असला की अपयशही आपलं वाटतं, आणि त्यातून बाहेर यायची वाटही आपणच शोधतो.

सुरुवात छोट्या गोष्टींनी करा. स्वतःचा फॉर्म स्वतः भरा. महिन्याचा हिशोब ठेवा. चूक झाली तर कुणाच्या माथी मारू नका. आई-बाबांनीही ती चूक लगेच निस्तरायला धावू नये. आणि फारच कोंडल्यासारखं वाटलं, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या नंबरवर बोला. मदत मागायची कधी, हे कळणं हेही मोठं होणंच आहे.